बीएस ६ गाडी, खारी हवा आणि गोव्यातले गॅरेज

१ एप्रिल २०२० पासून देशात विकली जाणारी प्रत्येक नवी पेट्रोलची दुचाकी बीएस ६ ची, म्हणजे भारत स्टेज ६ या धुराच्या नियमातली असते. कंपनी ती प्रयोगशाळेत रोलरवर चालवून पास करून घेते तेव्हा गाडी नवी असते, पेट्रोल मोजून भरलेले असते आणि हवा नियंत्रित असते. तीच गाडी कळंगुटच्या वाऱ्यात आणि सत्तरीच्या पावसात तीन पावसाळे काढते, तेव्हा तिच्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडते हे त्या चाचणीत दिसत नाही. ते ठरते मालकाच्या सवयींवर आणि गॅरेजवाल्याच्या हातावर. गोव्यात घरटी एक-दोन दुचाक्या सहज असतात, म्हणून हा विषय आपल्याला जवळचा आहे, आणि त्यावर नीट, तपशिलात लिहिलेले मराठीत फारसे सापडत नाही.

आधी आकडे पाहू. दुचाकीला १९९६ साली दर किलोमीटरला ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची मुभा होती. २००० साली ती २.० वर आली, २००५ च्या बीएस २ मध्ये १.५ वर, २०१० च्या बीएस ३ मध्ये १.० वर. २०१७ च्या बीएस ४ मध्ये हाच आकडा १.४०३ झालेला दिसतो आणि वाचणारा गोंधळतो. नियम सैल झाला नव्हता, चाचणी बदलली होती. जुनी चाचणी ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नसे. नवी जागतिक चाचणी थंड इंजिनापासून सुरू होते आणि गाडीला खऱ्या रस्त्यासारखी पळवते. बीएस ६ ने त्याच कडक चाचणीत कार्बन मोनॉक्साइड १.० ग्रॅमवर, न जळलेले हायड्रोकार्बन ०.१ वर आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०६ ग्रॅमवर आणून ठेवली. बीएस ३ मध्ये हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून १.० ग्रॅम चालत होते. या दोघांत केवढी मोठी घट झाली ते यावरून दिसते. पेट्रोलमधले गंधकही ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आले, कारण गंधक जास्त असेल तर सायलेन्सरमधला धूर निवळणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

हे साधायला साधा कार्बोरेटर पुरत नाही. कार्बोरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. किती जळले, किती उरले हे त्याला कळत नाही. कन्व्हर्टरला मात्र हवा-पेट्रोलचे प्रमाण अगदी अरुंद पट्ट्यात हवे असते, तरच तो कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही एकदम निवळतो. म्हणून पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्शन आले, टाकीत पंप आला, सायलेन्सरच्या बेंडवर, म्हणजे इंजिनापासून निघणाऱ्या वाकड्या नळीवर, ऑक्सिजन सेन्सर आला, आणि या सगळ्यांचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू आला. अॅक्टिव्हा ५जी कार्बोरेटरची, ६जी इंजेक्शनची, हा फरक त्यातूनच. रॉयल एनफिल्डचे ५०० सीसी इंजिन २०२० मध्ये बंद झाले. ३५० च्या जुन्या पुशरॉड इंजिनाला इंजेक्शन जोडून तेव्हाची वेळ निभावली, आणि २०२१ मध्ये क्लासिकला नवे जे सिरीज इंजिन मिळाले. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकचा निकाल तर त्याआधीच लागला होता. त्या इंजिनात ताजे मिश्रण आत येताना त्याचा मोठा हिस्सा न जळताच थेट बाहेर निघून जातो, हा त्याच्या रचनेतलाच दोष. ट्यूनिंग कितीही चांगले केले तरी तो जात नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस ३ ची विक्री बंद केली, तेव्हा कंपन्यांकडे सुमारे ८.२४ लाख बीएस ३ गाड्या पडून होत्या आणि त्यातल्या ६.७१ लाख दुचाक्या होत्या. शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यातल्या बऱ्याच भरघोस सवलतीत खपल्या. म्हणून नोंदणी २०१७ ची आहे म्हणजे गाडी बीएस ४ आहे असे धरून चालू नका. २०२० च्या पहिल्या तिमाहीतल्या गाड्यांचेही तसेच. आरसीवरची नॉर्म्सची नोंद बघा. तिच्यावरून कुठले सुटे भाग बसतील आणि पीयूसी किती महिन्यांची मिळेल हे दोन्ही ठरते.

सायलेन्सर आतून कुजतो

गोव्यात बीएस ६ गाडीचा पहिला शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते. गाडी अर्धा तास चालली तर सगळी वाफ बाहेर पडते. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर, तिथून परत दोन किलोमीटर, एवढीच जिची रोजची धाव, त्या गाडीचा सायलेन्सर नीट तापतच नाही. वाफ आत थंड होऊन पाणी साठते. बाहेरून समुद्राची खारी हवा आहेच. सायलेन्सर दोन्ही बाजूंनी गंजतो.

अशा छोट्या फेऱ्यांचा दुसरा तोटा असा की कन्व्हर्टर साधारण ३०० अंशांच्या आसपास पोहोचल्यावरच कामाला लागतो. तोवर धूर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर जातो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीसेक मिनिटे मध्यम वेगात चालवा. सायलेन्सरच्या तळाला पाणी निथळायला बारीक भोक असते. ते चिखलाने बुजते, म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात तारेने मोकळे करा. किनाऱ्यावरून आल्यावर बेंड, सायलेन्सर आणि स्टँडचा भाग साध्या गोड्या पाण्याने धुवा, पण गरम सायलेन्सरवर थंड पाणी मारू नका. 

आता गंजाचा धुराशी संबंध कसा, ते सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच बहुतेक गॅरेजमध्ये निदान चुकते. इंजिनच्या डोक्यापाशी बेंडचा फ्लँज, म्हणजे जोडाची पट्टी असते आणि त्यात गळती रोखणारे गॅस्केट. खाऱ्या हवेत नट-स्टड गंजतात, गॅस्केट ढिले होते, बारीक गळती सुरू होते. एक्झॉस्टमधला दाब सतत बाहेरच ढकलत नाही. तो धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सर पुढे असतो. त्याला हा बाहेरचा ऑक्सिजन दिसतो आणि तो ईसीयूला सांगतो, मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी पडतेय. ईसीयू इमानाने पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात आधीचे प्रमाण बरोबरच होते. आता मिश्रण रिच झाले, म्हणजे पेट्रोल जास्त झाले, प्लग काळा पडला, मायलेज उतरले, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वाढला. मेकॅनिक इंजेक्टर साफ करतो, सेन्सर बदलतो, दोन-तीन हजार जातात आणि चार दिवसांत पुन्हा तेच.

तपासायचे असे. इंजिन थंड असताना सुरू करा, सायलेन्सरचे तोंड जाड ओल्या फडक्याने एकदोन सेकंद दाबा. फ्लँजपाशी फुसफुस ऐकू आली किंवा काजळीचा काळा पट्टा दिसला तर गळती आहे. गॅस्केट प्रत्येक वेळी नवे घाला, जुने उलटून पुन्हा लावू नका. स्टडला कॉपर ग्रीस लावा. त्यानंतरच सेन्सरचे बघा. साधा (नॅरोबँड) सेन्सर चांगला असेल तर गरम इंजिनावर त्याचा व्होल्ट ०.१ आणि ०.९ च्या मध्ये सतत वरखाली होतो. एकाच आकड्यावर चिकटून बसला तर सेन्सर, वायरिंग किंवा गळती, यांतले एक बिघडले आहे.

वायरिंगचे कनेक्टर हीसुद्धा इथली खास डोकेदुखी. दमट हवेत पिनांवर हिरवट गंज चढतो. पिन दिसायला जोडलेली, पण करंट अधूनमधून तुटणारा. कनेक्टर उघडून काँटॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. प्रेशर वॉशरचा फवारा सीटखाली, थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) आणि सेन्सरच्या कनेक्टरवर कधीच मारू नये. पाणी आत शिरते आणि बाहेर यायला वाट नसते.

तुडुंब टाकी

बीएस ६ गाडीत टाकीतली पेट्रोलची वाफही मोकळी सोडलेली चालत नाही. ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये शोषली जाते आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून परत आत ओढून जाळली जाते. हा डबा फक्त वाफेसाठी आहे. त्यात पातळ पेट्रोल गेले की कोळसा भिजतो आणि निकामी होतो.

पेट्रोल गोव्यात शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून सीमेपलीकडून येणारी मंडळी टाकी अगदी तोंडापर्यंत भरून घेतात. गोव्यातलेही अनेकजण नोझल आपोआप बंद झाल्यावर 'अजून थोडे' म्हणतात. ती शेवटची थोडी भर उन्हात गाडी उभी राहिली की फुगते आणि व्हेंटच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जाते. मग लक्षणे अशी: पेट्रोल भरल्यानंतर गरम इंजिन चटकन सुरू होत नाही, आयडलिंग वरखाली होते, पेट्रोलचा वास येतो. डबा धुऊन वाळवून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, तो बदलावाच लागतो. नोझल थांबले की थांबायचे, एवढे पाळले तर हा खर्च कधीच येत नाही.

याच नळीचा आणखी एक दोष. ती कुठे मुडपली किंवा चिखलाने बंद झाली तर टाकीत हवा शिरत नाही. गाडी दहा-पंधरा किलोमीटर नीट चालते आणि मग गळपटते. झाकण उघडल्यावर 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंप बदलायला घेऊ नका, आधी नळी बघा.

मोटारसायकलच्या टाकीच्या झाकणाभोवती खळगा असतो आणि त्यातून पावसाचे पाणी खाली न्यायला वेगळी बारीक नळी असते. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीची ती नळी पानांच्या कचऱ्याने बुजते. पाणी खळग्यात तुंबते आणि झाकणाच्या रबरातून किंवा किल्लीच्या भोकातून टाकीत झिरपते. जूनच्या पहिल्या पावसाआधी त्या नळीतून तोंडाने फुंकून बघा, हवा खाली निघते का.

ई२० आणि ओलावा

टाकीत पाणी जाणे पूर्वी एवढे धोक्याचे नव्हते. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, म्हणजे ई२०. इथेनॉल पाणी धरते. थोडे पाणी असले तर ते विरघळून जळून जाते, आणि हा फायदाच आहे. पण ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते, पाण्याबरोबर तळाला जाऊन बसते. पंपाची जाळी तळालाच असते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल मिळतच नाही, पाणी आणि स्पिरिटचे मिश्रण मिळते. वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही घसरलेला असतो. वरून ताजे पेट्रोल ओतून हे सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, कोरडी करून, नवीन भरावे लागते.

संशय आला तर टाकीच्या तळातून शंभर मिली पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि दहा मिनिटे उभे ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर निकाल लागला. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती हेही घरच्या घरी कळते. मापाच्या खुणा असलेल्या नळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, बूच लावून जोरात हलवा, स्थिर होऊ द्या. शुद्ध पेट्रोल असेल तर खालचा थर १० मिलीच राहील. ई२० असेल तर तो २८ मिलीच्या आसपास जाईल, कारण ९० मिलीतले १८ मिली इथेनॉल पाण्यात उतरते. हे उघड्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको, आणि ते मिश्रण पुन्हा टाकीत नको.

इंजेक्शनच्या गाडीला ई२० चा फारसा त्रास नाही. ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. मायलेज थोडे उतरते, कारण त्याच लिटरमध्ये ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी असते. प्रत्यक्षातला फरक इंजिनागणिक बदलतो.

खरी अडचण कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांची, आणि गोव्यात त्या अजून हजारोंनी आहेत. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ किलो पुरते. कार्बोरेटरला हे समजायची सोय नाही, तो पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो. म्हणजे मिश्रण आठेक टक्के लीन होते. इंजिन जास्त तापते, थंड असताना ओढत नाही, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफटते. पीयूसीच्या कागदावर मात्र आकडे छान येतात, कारण कार्बन मोनॉक्साइड कमी झालेला असतो. नायट्रोजन ऑक्साइड वाढले असण्याची शक्यता आहे, पण आपली पीयूसी ते मोजतच नाही.

उपाय कठीण नाही. आठ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे जेटच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या) भोकाचे क्षेत्रफळ आठ टक्के जास्त, म्हणजे व्यासात साधारण चार टक्के. ९५ ची मेन जेट असेल तर ९८ किंवा १०० लावून बघा. एकदम तीन मापे पुढे उडी मारू नका. नवा प्लग लावून, पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग बघा. फिका विटकरी रंग बरोबर, पांढरा म्हणजे अजून लीन. फ्लोटचे रबर, ओ-रिंग आणि पेट्रोलच्या नळ्या जुन्या प्रतीच्या असतील तर इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. त्या ई२० ला चालणाऱ्या घ्या. हे न करता फक्त जेट बदलली तर फ्लोटच्या गळणाऱ्या सुईमुळे पुन्हा रिच होईल आणि दोष जेटवर येईल.

पीयूसीआधी काय करावे

२००० नंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमची मर्यादा आहे. बीएस ६ साठी ती याहून खूपच कडक आहे. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही, त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ ला दर वर्षी आणि त्याआधीच्यांना दर सहा महिन्यांनी. पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे.

कार्बोरेटरची गाडी पीयूसीला नेण्याआधी एअर फिल्टर आणि प्लग बघा, टॅपेटचे अंतर कंपनीच्या मापात आणा, मगच मिक्श्चर स्क्रूला हात लावा. दहा मिनिटे गाडी चालवून इंजिन गरम करा, आयडलिंग मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. आता नीट बघा स्क्रू कुठे आहे. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, आत फिरवला की मिश्रण रिच होते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत फिरवला की लीन होते. हा फरक न ओळखता फिरवल्यामुळे चांगल्या गाड्या नापास होतात. हळुवार शेवटपर्यंत आत घ्या, आवळू नका, मग दीड ते अडीच फेऱ्या बाहेर काढत जिथे इंजिनाच्या फेऱ्या सर्वांत जास्त आणि स्थिर मिळतात तिथे थांबा. नंतर आयडलिंग पुन्हा खाली आणा.

बहुतेक बीएस ६ गाड्यांत असा स्क्रूच नसतो आणि आयडलिंगचा स्टॉप स्क्रू सील केलेला असतो. त्याला हात लावला तर थ्रॉटलचा सेन्सर चुकीचा शून्य धरतो आणि मग आयडलिंग कधीच जागेवर येत नाही. आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडीतली काजळी, इनटेकचे चिरलेले रबर, कॅनिस्टरची नळी आणि बॅटरी, या क्रमाने बघा.

जुन्या सवयी ज्या आता महागात पडतात

प्लगमध्ये ठिणगी येते का हे बघायला चालू इंजिनाची प्लग कॅप ओढायची, ही गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक गॅरेजची पद्धत. बीएस ६ गाडीत हे करू नये. ठिणगी थांबते, पण इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो. ते न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली जाळी वितळून बसते. पुढे सायलेन्सर तुंबतो, गाडी चढावर ओढत नाही, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर यावे लागते. शिवाय उघड्या कॅपमधून उडणारी ठिणगी ईसीयूला धोका. ठिणगी बघायचीच असेल तर इंजेक्टरचा कनेक्टर काढा, दुसरा प्लग कॅपमध्ये घालून इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा.

धक्का मारून सुरू करणेही तसेच. पंपाला आणि ईसीयूला ठरावीक व्होल्टेज हवेच. बॅटरी मेलेली असेल तर कितीही धावा, पंप दाब देणार नाही. किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद 'झ्झ' असा आवाज येतो, तो पंपाचा. तो आला नाही तर फ्यूज, रिले, बॅटरी अशा क्रमाने जा. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवणे त्याला मारक.

सायलेन्सरवर वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची दोन्ही टोके आणि ईसीयूचा कनेक्टर आधी काढा. तेल निवडताना ओल्या क्लचच्या मोटारसायकलला जासो (जपानी वाहन-मानक) एमए किंवा एमए२, स्कूटरला एमबी. मोटारसायकलला एमबी घातले तर क्लच सरकतो. तेलात वेगळी पावडर किंवा 'ट्रीटमेंट' घालू नका. जासोने फॉस्फरसची मर्यादा ०.१२ टक्क्यांवर बांधली ती कन्व्हर्टर वाचवण्यासाठीच. बाटलीतली ती ट्रीटमेंट ही मर्यादा ओलांडायला लावू शकते.

डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिन दिवा लुकलुकतो त्यालाही भाषा आहे. होंडाच्या गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. सात वेळा छोटी म्हणजे तेलाच्या तापमानाचा सेन्सर, एक लांब दोन छोट्या म्हणजे इंजेक्टर, दोन लांब एक छोटी म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. नव्या गाड्यांना लाल रंगाचा सहा पिनांचा कनेक्टर असतो. त्याला सोळा पिनांची जोड लावून साध्या स्कॅनरनेही बरेच कोड वाचता येतात. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी०१७२ म्हणजे रिच, पी००३० म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. २०२३ पासून आलेल्या ओबीडी-२ च्या, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखायच्या यंत्रणेच्या, पहिल्या टप्प्याला २०२५ मध्ये दुसरा टप्पा जोडला गेला आणि तेव्हापासूनच्या नव्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या झिजेवरही गाडीच लक्ष ठेवते. म्हणून स्वस्तातला, आत जाळी नसलेला सायलेन्सर बसवून काही कळणार नाही, हा भ्रम आहे. विकत घेताना टॉर्चने इंजिनाकडच्या तोंडातून आत बघा, मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते का, आणि वजन मूळ सायलेन्सरशी ताडून पाहा. जुना सायलेन्सर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देऊ नका, जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते.

उद्योगावरचा भार

नियमाचा मोठा भार कंपन्यांनी पेलला आणि किमतीतून आपल्याकडे दिला. त्याबद्दल तक्रार नाही, हवा तेवढी महाग आहेच. पण छोट्या गॅरेजवर पडलेला भार कोणी मोजला नाही. पान्यांचा डबा आणि एक स्क्रू ड्रायव्हर यांवर चालणाऱ्या गॅरेजला आता मल्टिमीटर, पेट्रोलच्या दाबाचे मीटर आणि स्कॅनर लागतो. अनेक बीएस ६ दुचाक्यांत पंपाचा दाब ३ बारच्या आसपास असतो. तो न मोजता पंप बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज करणे. डिचोली, पेडणे, काणकोणसारख्या ठिकाणच्या गॅरेजवाल्यांना हे शिकवणारे छोटे संध्याकाळचे वर्ग आयटीआयमधून निघाले, तर गोव्याच्या हवेला त्याचा थेट फायदा होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही.

मोठ्या गाड्यांचे थोडक्यात. भुईपालसारख्या ठिकाणी बसच्या बॉड्या बांधणाऱ्यांना बीएस ६ चेसिसवर डीईएफची टाकी आणि मोठा तापणारा सायलेन्सर सामावून घ्यावा लागला. डीईएफ म्हणजे धुरातली नायट्रोजन ऑक्साइडे निवळायला लागणारे ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध पाणी. खताचा युरिया नळाच्या पाण्यात कालवून बनवलेले स्वस्त डीईएफ इंजेक्टरवर स्फटिक जमवते आणि शेवटी ईसीयू बसची ताकदच कमी करतो.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर

गोव्यात हा प्रश्न घरोघरी. जहाजावर जाणारे तारवटी आठ-नऊ महिन्यांनी परततात, आखातात काम करणारे वर्षाने. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. ताडपत्री हा सर्वांत वाईट उपाय, ओलावा आत कोंडतो. छपराखाली, वारा खेळेल अशी, मधल्या स्टँडवर उभी करा. जाण्याआधी तेल बदला, कारण जुन्या तेलातले आम्ल बेअरिंग खाते. टाकी नोझल थांबेपर्यंत भरा, रिकाम्या जागेत दमट हवा श्वास घेत राहते. गाडी दहा मिनिटे चालवून ते ताजे पेट्रोल इंजेक्टरपर्यंत पोहोचू द्या. कार्बोरेटरची असेल तर कॉक बंद करून फ्लोटच्या खालचा स्क्रू सैल करा आणि वाटीतले पेट्रोल काढून टाका. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबा आणि हँडलला चिठ्ठी बांधा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

परत आल्यावर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल बाटलीत काढून थर बघा. थर असेल तर सेल्फ मारूच नका, टाकी रिकामी करा. ठीक असेल तर किल्ली तीन वेळा चालू-बंद करून दाब बनू द्या, पिशवी काढल्याची खात्री करा, मग सेल्फ मारा. पहिले अर्धा तास शांत वेगाने चालवा, इंजिन दिवा लागतो का बघा, आणि पीयूसीला त्यानंतरच जा.